घोट्यासाठी विलायत

लंडनच्या डॉक्टरनं माझ्या मोठ्या भावाविषयी एक साधा प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्या घरी आम्ही उतरलो होतो त्या आतेभावाला नाही, आणि ज्याचा पाय होता त्या दादाला तर नाहीच नाही. दादा आजही धरून चालतो की पाय त्याच्या स्वतःच्या चुकीनं वाया गेला. मी त्याला तसं धरू देतो. वर त्याच्यावर चिडतो.

चिडण्याचं म्हणाल तर त्या सगळ्या प्रकरणात मी पहिल्या दिवसापासून चिडलेलोच होतो, आणि चिडण्यासारखं होतंही पुष्कळ. ते आधी सांगतो.

आमचं घर विणकरांचं, गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत. दारातून आत शिरलं की उजव्या हाताला खड्ड्याचा माग. जमिनीत खड्डा, त्याच्या काठावर विणकर बसणार, पाय खाली सोडून पावड्या दाबणार आणि वर हातानं धोटा फेकणार. बाबा गेले तेव्हा दादा शाळा सोडून त्या खड्ड्यात बसला. मी शाळेतच राहिलो. पुढे कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागलो, नंदनवन वसाहतीत घर बांधलं, आणि स्टाफरूममध्ये कुणी ‘भाऊ काय करतात?’ म्हणून विचारलं की ‘कापडाच्या धंद्यात आहेत’ असं सांगायला लागलो. हे काही खोटं नव्हतं. साडी म्हणजे कापडच.

दादाचा उजवा घोटा तरुणपणीच मोडला होता. इतवारीच्या बाजारातून सायकलवर सुताचा गठ्ठा आणताना तो पडला आणि गल्लीतल्या हाडवैद्यानं पाय ओढून, बांबूच्या कामट्या बांधून बसवून दिला. बसला, पण वाकडा. त्या वाकड्या पायानं दादानं आमची दोघांची आयुष्यं विणली. मग हळूहळू सांधा झिजत गेला. पावडी दाबली की तो दात आवळायचा, आणि एका साडीला लागायचा तो वेळ दुप्पट झाला. शेवटी माग अर्धा वेळ झाकून ठेवायची पाळी आली.

आतेभाऊ आमच्या गल्लीतला पहिला डॉक्टर. मेडिकलला शिकत होता तेव्हा जेवायला आमच्याकडे असायचा, वहिनीच्या हातचं. नंतर इंग्लंडला गेला तो तिकडचाच झाला. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी तो सुट्टीवर आला आणि दादाचा पाय हातात घेऊन म्हणाला, “दादा, तिकडं आता घोटाही नवा बसवून देतात. ये माह्याकडं. बाकीचं मी पाहतो, तू फक्त हो म्हण.”

दादा हो म्हणाला आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाला, “लहान्या येईन संगं. त्याले इंग्रजी येते.”

झालं! माझी पूर्ण उन्हाळी सुट्टी गेली.

पासपोर्टसाठी दादाचा फोटो काढायचा तर तो टोपी काढेना. टोपी काढली तर तेल लावून बसवलेले केस पाहून स्वतःच हसत सुटला आणि फोटो हलला. चौकशीला हवालदार घरी आला तेव्हा सगळी गल्ली दारात. “कोन्या केसमंदी गा?” म्हणून शेजारचा म्हातारा विचारतोय आणि दादा त्याला समजावतोय, “केस नाही गा, पाय.” कोट हवा म्हटलं तर दादानं कुठून आणावा? बँडपार्टीतल्या मित्राकडून. खांद्यावरची सोनेरी झालर वहिनीनं उसवली. बटणं मात्र तशीच राहिली, पितळेची, चकचकीत. मी म्हटलं, “दादा, अरे हा वरातीतला कोट आहे.”

“मंग?” दादा म्हणाला. “आपन काय मयतीले जाऊन राहिलो काय?”

वहिनीनं सावजी मसाल्याचा डबा भरला. मी तो बॅगेतून काढला, तिनं पुन्हा ठेवला. “भाऊजी, तुमी पाव खाऊन राहासान. त्यायचं कसं होईन?” मी पुन्हा काढला. लंडनला बॅग उघडली तेव्हा डबा आतच होता, दादाच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला, आणि स्वेटरला शेवटपर्यंत मटणाच्या रश्श्याचा वास येत राहिला.

पण खरा कहर झाला स्टेशनवर. गल्लीतल्या मित्रमंडळानं एका स्थानिक साप्ताहिकात फोटो छापून आणला होता: ‘आमच्या मोहल्ल्याचे ज्येष्ठ विणकर घोटा बदलण्यासाठी विलायतेस प्रयाण करीत आहेत, हार्दिक शुभेच्छा.’ तो अंक प्लॅटफॉर्मवर फुकट वाटत होते. हार होते, ताशा होता. गाडी उशिरा होती त्यामुळे भाषणंही झाली. एकानं दादाला सामानाच्या हातगाडीवर उभं केलं. दादा बँडच्या कोटात, गळ्यापर्यंत झेंडू, एका पायावर भार देऊन उभा.

“नवा घिऊन या, जुना तिकडंच सोडा!” कुणीतरी ओरडलं.

“जुना मी आनतो ना,” दादा वरून म्हणाला. “हाडवैद्याले परत करतो.”

हाडवैद्यही गर्दीत होता. तो सगळ्यांत जास्त हसला.

आणि त्याच गाडीनं, सहकुटुंब, आमचे विभागप्रमुख मुंबईला निघाले होते. ते गर्दीच्या कडेनं आले, साप्ताहिक हातात, फोटो पाहिला, दादाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अहो, भाऊ तुमचे विणकर आहेत होय? माझी समजूत, दुकान वगैरे आहे.” वाईट हेतूनं नाही म्हणाले. सौजन्यानंच म्हणाले. पण मुंबई येईपर्यंत मी दादाशी धड बोललो नाही. तो विचारत राहिला, “काहून बे? पोट बिघडलं काय?”

लंडनमध्ये आतेभावाच्या घरी दादानं मला काय काय करायला लावलं ते सांगत बसलो तर हे लिखाण संपायचं नाही. कमोडवर बसायला तो तयार नव्हता. बसला तर उठायला तयार नव्हता, कारण पायाला आराम वाटायचा. शेजारची म्हातारी कुंपणापलीकडून ‘गुड मॉर्निंग’ म्हणायची, तर हा मला हाक मारून विचारणार, “काय म्हनते ते?” रोज तेच म्हणायची ती. रोज मी सांगायचो. बसच्या कंडक्टरपासून पोस्टमनपर्यंत प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य त्याला मराठीत हवं असायचं, आणि मी एखादं गाळलं तर त्याला बरोबर कळायचं. “इतकं मोठं बोलला तो, आन् तू इतकसंच सांगतलं?”

हे मी मुद्दाम लिहितोय. गाळलेलं त्याला कळायचं. फक्त एकदा कळलं नाही.

हॉस्पिटलात तपासणीला गेलो त्या दिवशी आतेभावाची दुसरीकडे ड्यूटी होती. मी आणि दादा दोघंच. सर्जन उंच, वयस्क, हळू बोलणारा माणूस. दादाचा पाय त्यानं मांडीवर घेतला. दादा एकदम ओशाळला, पाय मागं ओढायला लागला. “मोठा मानूस हाये बे, पायाले हात लावून राहिला,” असं मला म्हणाला आणि डॉक्टरला नमस्कार करून टाकला. डॉक्टरनंही हात जोडले.

मग त्यानं एक्स-रे दाखवत सांगितलं की दोन रस्ते आहेत. एक, सांधा कायमचा बंद करायचा, हाडाला हाड जोडून. घोटा वाकणार नाही, पण दुखणं थांबेल आणि पाय कसलीही मेहनत झेलेल, जन्मभर. दुसरा, नवा सांधा बसवायचा, धातूचा आणि प्लास्टिकचा. घोटा हलेल, चाल चांगली दिसेल. पण हे काम नवीन आहे. रोज पायावर जोर देणाऱ्या माणसात तो सैल होतो, आणि सैल झाल्यावर मग बंद करायलाही पुरेसं हाड उरत नाही.

पहिला भाग मी दादाला सांगितला. बंद करायचा, किंवा नवा बसवायचा. दादा म्हणाला, “बंद करासाठी इतक्या दूर आलो काय? गल्लीतले लोक काय म्हनतीन? नवा बसवा म्हना साहेबाले.”

दुसरा भाग, सैल होण्याचा, मी सांगायच्या बेतात होतो. इतक्यात डॉक्टरनं मला विचारलं, “हे काम काय करतात?”

साधा प्रश्न. त्यावर सगळं ठरणार आहे हे तो आत्ताच बोलला होता, आणि मला ते कळलंही होतं. माझं इंग्रजी चांगलं आहे, न कळण्यासारखं काही नव्हतं.

मी म्हणालो, कापडाच्या धंद्यात आहेत. बसून काम असतं.

स्टाफरूममधलं वाक्य होतं ते. तोंडात तयार होतं, आलं बाहेर. डॉक्टरनं लिहून घेतलं.

इथपर्यंत तरी मी म्हणू शकलो असतो की जीभ घसरली. पण दादाला खोलीत काहीतरी चाललंय ते समजलं होतं. “काय इचारते?” त्यानं विचारलं.

“काम काय करता, विचारतात.”

“मंग सांग ना!” आणि मी सांगेन की नाही याची खात्री नसावी म्हणून की काय, तो स्वतःच सांगायला लागला. खुर्चीत पुढे सरकला, पाय जमिनीवर टेकवले आणि एकामागून एक दाबायला लागला. डावा, उजवा. उजव्याच्या वेळी तोंड वाकडं व्हायचं. वर दोन्ही हातांनी धोटा फेकण्याची, फणी ठोकण्याची खूण. ठक्, ठक् असा आवाजही काढला तोंडानं. बँडच्या कोटाची बटणं हलत होती.

डॉक्टर हसला. हे काय दाखवतायत, म्हणून त्यानं मला विचारलं.

मी सांगितलं, व्यायाम. घरी रोज व्यायाम करतात पायाचा.

“वा,” डॉक्टर म्हणाला. “उत्तम. पुढेही चालू ठेवायला सांगा.”

आणि दादा माझ्या तोंडाकडे पाहत होता. “काय म्हनला?”

मी म्हणालो, “म्हणतात, चांगलं आहे. चालू ठेवा.”

दादाचा चेहरा असा उजळला की मला खिडकीबाहेर पाहावं लागलं. त्यानं डॉक्टरला पुन्हा नमस्कार केला. त्याच्या दृष्टीनं विलायतेच्या मोठ्या डॉक्टरनं त्याचा माग पाहिला होता, समजून घेतला होता आणि मंजूर केला होता. सांधा सैल होण्याचं मी त्याला सांगितलंच नाही.

संध्याकाळी आतेभावानं विचारलं, “काय काय विचारलं त्यांनी?” मी म्हणालो, नेहमीचंच. तो म्हणाला, “माग तर आता बंदच असेल ना दादाचा?” मी म्हणालो, बंदच म्हण. दादा तेव्हा आत आतेभावाच्या मुलांना गोष्ट सांगत होता.

ऑपरेशन उत्तम झालं. प्लॅस्टर, कुबड्या, मग काठी. वॉर्डात दादानं उकडलेल्या बटाट्यावर सावजी मसाला टाकला आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला चाखवला. त्या म्हाताऱ्याला जो ठसका लागला त्याबद्दल नर्सची माफी मी मागितली. घरी सोडताना नर्सनं बजावलं, पायाला जड काम नको. मी मराठीत ते ‘जरा जपून’ असं केलं.

परत आलो तर गल्ली पाय पाहायला लोटली. दादा ओसरीवर बसून घोटा वर-खाली करून दाखवायचा.

“आतमंदी लोखंड हाये काय गा?”

“लोखंड नाही. इलायती स्टील.”

“मंग गंजन नाही,” गल्लीतली एक म्हातारी म्हणाली. “तरी पावसात पायमोजा घालत जाय.”

मी तिथंच बसलेलो असायचो आणि लोक मलाही शाबासकी द्यायचे. लहान्यानं भावासाठी केलं, म्हणायचे.

दसऱ्याला आमच्या घरी मागाची पूजा होते. त्या दिवशी माग चालवत नाहीत. पूजा करून झाकून ठेवायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला धोटा फेकायचा, अशी रीत. दादानं त्या दसऱ्याला नवं सूत चढवलं, पावड्यांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. उद्यापासून पुन्हा पूर्ण वेळ बसणार, असं सगळ्यांना सांगितलं. मी सकाळपासून तिथंच होतो. एक अख्खा दिवस तो माग गप्प होता आणि मीही. वहिनीनं मटण केलं होतं. जेवलो, माग ठेवलेल्या त्याच खोलीत लवंडलो, संध्याकाळी सोनं वाटलं, दादाच्या पाया पडलो. त्या उजव्या पायाला माझं डोकं लागलं. दुसऱ्या दिवशी तो खड्ड्यात उतरला तेव्हा मी कॉलेजात वर्ग घेत होतो.

पहिलं वर्ष तो असा विणत होता की वहिनीला त्याला जेवायला तीनदा हाक मारावी लागायची. “साहेबानंच सांगतलं हाये चालू ठेवा म्हनून,” हे त्याचं ठरलेलं उत्तर. दुसरा उन्हाळा लागला आणि घोटा सुजायला लागला. मग आतून काहीतरी करकरतं, असं म्हणायला लागला. इथल्या डॉक्टरनं एक्स-रे पाहिला. सांधा सैल झाला होता. “विणकर आहेत हे? पायानं माग चालवतात? मग हा सांधा बसवला कसा कुणी?” त्यानं विचारलं.

दादा घाईघाईनं म्हणाला, “त्या डॉक्टरची चूक नाही साहेब. त्यायनं चांगला बसवला होता. मीच जास्त दाबलं असन.”

रिक्षात मी त्याच्यावर ओरडलो. “इतका जोर द्यायची काय गरज होती? जरा जपून असं सांगितलं होतं ना तुला? समजतच नाही तुला काही!” रिक्षावाला मागं वळून पाहायला लागला, इतका मी ओरडलो.

दादा म्हणाला, “चिडतो काहून बे? पाय माहा दुखून राहिला.”

पुढे तो सांधा काढावा लागला. लंडनच्या डॉक्टरनं सांगितलं होतं तसंच झालं, हाड नीट जुळलं नाही. आता दादा दोन काठ्यांवर चालतो. माग विकला. खड्ड्यावर फळ्या टाकल्या, त्यावर टीव्ही ठेवलाय, आणि दादा त्याच्यासमोर बसून दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून देतो. हाडवैद्य म्हातारा आला की चिडवतो, “माहं बसवलेलं इलायतीपेक्षा जास्त टिकलं का नाही गा?” दादा हसतो आणि कबूल करतो.

मी रविवारी जातो. जाऊन काय करतो, तर चिडतो. काठी इथं का ठेवली, औषध का घेतलं नाही, कांड्या भरायला इतका वेळ बसतो कशाला. वहिनी एकदा म्हणाली, “भाऊजी, तुमी येता तवा घरात कोर्ट भरते.” मला वाईट वाटलं, आणि त्याचाही राग आला.

गेल्या रविवारी दादानं सांगितलं की आतेभाऊ या हिवाळ्यात येतोय. त्याच्यासोबत त्याला त्या डॉक्टरसाठी निरोप पाठवायचा आहे. “तू इंग्रजीत सांगून ठेव त्याले, नीट. का तुमचं काम फस्क्लास होतं. मीच खराब केलं. त्याची माफी मांगतो म्हना.” आणि एक साडी पाठवायची आहे, डॉक्टरच्या बायकोसाठी, त्याच नव्या घोट्यावर विणलेली. वहिनीनं जपून ठेवली आहे. हिरवी, लाल काठाची.

“सांगशील ना?” त्यानं विचारलं. “पूरं सांगजो. गाळू नको काही.”

मी म्हटलं, “सांगेन रे, एकच गोष्ट किती वेळा सांगतोस?”

आतेभाऊ यायच्या आधी मला दादासमोर बसून त्याला सांगायचं आहे: डॉक्टरनं काय विचारलं होतं, मी काय उत्तर दिलं, तू पाय हलवून दाखवत होतास तेव्हा मी त्याला काय सांगितलं, आणि चूक तुझी नव्हती. एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.